आम्ही नऊ ग्रहवाले

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या बराकींत वाढलेले आम्ही सगळे नऊ ग्रहवाले. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ... एका दमात प्लूटोपर्यंत पोचायचं, मग श्वास घ्यायचा. सूर्यमालेचा तक्ता एकच. थोरल्याकडून धाकट्याकडे, तिथून शेजारच्या सिंधी घरात. फाटला की मागून खळ लावून वहीचं पान चिकटवायचं. शाळेसाठी सूर्यमाला करायची तर सामान घरातलंच: गुरूला रबरी चेंडू, पृथ्वीला गोटी, शनीच्या कड्याला बांगडी आणि प्लूटोला आईच्या डब्यातलं सगळ्यांत लहान बटण. ते दर वेळी हरवायचं, दर वेळी कॉटखाली सापडायचं.

आजीचे नवग्रह निराळे. त्यांत रवी-चंद्र, राहू-केतू, प्लूटो नव्हताच. त्यामुळे २४ ऑगस्ट २००६ ला प्रागमध्ये खगोलशास्त्रज्ञांनी त्याला ग्रहांतून वगळलं, तेव्हा तिचं काही अडलं नाही. हळहळलो आम्ही. गणपती तीन दिवसांवर आलेले, मखराची लगबग, आणि मोठी माणसं बोलतायत प्लूटोबद्दल!

आता आमची मुलं विचारतात, त्याला का काढलं? काढलं नाही रे, बटुग्रहांत बसवलं. ग्रह म्हणवायचं तर सूर्याभोवती फिरायला हवं, स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानं गोल व्हायला हवं. एवढं प्लूटोला जमतं. पण आपल्या कक्षेच्या परिसरात आपलंच राज्य हवं, ते त्याचं नाही. आपल्या चंद्राहूनही तो लहान, आणि नेपच्यूनपलीकडे त्याच्यासारखे बर्फाळ सोबती पुष्कळ. २००५ मध्ये एरिस सापडला, तो तर प्लूटोहून जड निघाला. मग ग्रह कुणाकुणाला म्हणायचं?

मुलांना खरं तर आधी सेरेसची गोष्ट सांगावी. १८०१ मध्ये तो मंगळ-गुरूच्या मधे सापडला, कित्येक वर्षं ग्रह म्हणून मिरवला. आसपास तसेच आणखी सापडत गेले, तसा तो लघुग्रह झाला. २००६ पासून तोही बटुग्रह. म्हणजे प्लूटोवर काही आकस नव्हता. हे कळलं की मुलांचा राग निवळतो. आणि प्लूटो हे नाव अकरा वर्षांच्या व्हेनेशिया बर्नी या मुलीनं सुचवलं होतं, हे ऐकून तर ती खूशच होतात.

बदलापूरच्या पुढे वांगणीला खगोल मंडळाचं आकाशदर्शन असतं, तिथे मुलांना जरूर न्यावं. शनीचं कडं पाहून झालं की हमखास प्रश्न येतो, ‘प्लूटो कुठाय?’ तो फार अंधूक, लहान दुर्बिणीत दिसत नाही. सूर्याभोवती एका फेरीला त्याला २४८ वर्षं लागतात. १९३० मध्ये सापडल्यापासूनची पहिली फेरी पुरी होईल २१७८ मध्ये, असं सांगितलं की मुलं लगेच नातवंडं, पतवंडं, खापरपणतू मोजायला लागतात.