टपावरची काडी

वनखात्याच्या बोलेरोच्या टपावर हातभर लांबीची एक काळी काडी उभी असते. पोंभुर्ण्याच्या चौकात गाडी चहासाठी थांबली की पोरं ती बोटानं वाकवतात आणि सोडून देतात. ती बराच वेळ थरथरत राहते, पोरं हसतात. मला मात्र अशी काडी दिसली की आधी तिचा पाया बघायची खोड आहे. बेसभोवती गंज चढलाय का, रबर फुटलंय का, केबल दाराच्या फटीत चेपली गेलीय का. हॅम रेडिओचं लायसन घेतल्यापासून ही खोड लागली. वरातीत नवरदेव सोडून गाडीची अँटेना बघणारा माणूस, अशी घरात माझी ख्याती आहे.

काडी हातभरच का, याला साधा हिशेब आहे. 300 ला मेगाहर्ट्झनं भागलं की लहरीची लांबी मीटरात मिळते. जंगलातला वायरलेस 150 मेगाहर्ट्झच्या आगेमागे बोलतो, म्हणजे लहर झाली 2 मीटरची. पत्र्यावर उभी करायची काडी तिच्या पाव हिश्शाची लागते. अर्धा मीटर, म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचा आपला जुना हात. आता हाच हिशेब अमेरिकेतल्या ट्रकला लावून बघा. तिथले ड्रायव्हर ज्याला सीबी म्हणतात तो सिटिझन बँड 27 मेगाहर्ट्झवर चालतो. लहर 11 मीटरची, तिचा पाव हिस्सा पावणेतीन मीटर. नऊ फुटी काडी! एवढी उंच काडी ट्रकच्या टपावर लावली तर पहिल्याच पुलाखाली मोडायची. म्हणून तिकडे काचतंतूच्या दांडीवर तांब्याची तार गुंडाळून नऊ फुटांची लांबी तीन-चार फुटांत बसवतात, आणि अशा दोन दांड्या दोन्ही बाजूंच्या आरशांच्या ब्रॅकेटवर उभ्या करतात. अमेरिकन ट्रकच्या फोटोत दोन कानांसारख्या दिसतात त्या ह्याच.

सीबीला हा बँड तिकडे 1958 मध्ये मिळाला, पण त्याला खरे दिवस आले 1973 च्या तेलटंचाईनंतर. डिझेल मिळेना, त्यात वेगाची मर्यादा ताशी 55 मैलांवर आणली. मग कुठल्या पंपावर डिझेल आहे आणि कुठल्या पुलाआड पोलीस दबा धरून बसलाय, हे ड्रायव्हर एकमेकांना सांगू लागले. हौशी लोकांची इतकी झुंबड उडाली की 1977 पासून 23 चॅनलचे 40 करावे लागले. त्यातलं 19 नंबरचं रस्त्यावरच्या गप्पांचं, 9 नंबरचं अडीअडचणीचं.

आपल्याकडेही 2005 च्या नियमांनी 27 मेगाहर्ट्झचा पट्टा 5 वॉटपर्यंत विनापरवाना खुला केला. पण सूरजागडचं लोहखनिज घेऊन आष्टीचा पूल ओलांडणाऱ्या कुठल्या हायवा टिपरात मी आजवर सीबी पाहिलेला नाही. हा पट्टा आपल्याकडे वापरला तो खेळण्यांनी. महाशिवरात्रीला वैनगंगेपलीकडे मार्कंड्याची जत्रा भरते. तिथून पोरांसाठी आणलेल्या रिमोटच्या गाडीच्या बुडाशी 27 मेगाहर्ट्झ असं छापलेलं कितीदा दिसायचं. म्हणजे ज्या लहरींवर अमेरिकेतले ट्रकवाले रात्र-रात्र बोलले, त्याच लहरींवर आमच्या अंगणात प्लॅस्टिकची मोटार कोंबडीच्या मागे धावत होती. माझा काही आक्षेप नाही. कोंबडीचा असेल.

आपला ड्रायव्हर मुका आहे असं मात्र कुणी समजू नये. समोरून येणाऱ्यानं भर दुपारी डिपर मारला की पुढे तपासणी उभी आहे, हे मागच्या सगळ्यांना कळतं. वळणाआधी रस्त्यावर हिरवी फांदी टाकलेली आणि चार दगड मांडलेले दिसले की पुढे गाडी बंद पडली आहे. (गाडी निघून जाते, दगड तिथेच राहतात, आणि रात्री त्यांच्यावर मोटारसायकलवाला आपटतो. त्याबद्दल कुणीच बोलत नाही.) पुढच्या ट्रकनं उजवा इंडिकेटर दिला तर ‘ये, रस्ता मोकळा आहे’ की ‘थांब, मी वळतोय’, याचा उलगडा देशभरात अजून झालेला नाही, क्लीनरनं खिडकीतून हात काढला तरच खरं काय ते कळतं. ही भाषा नजरेपुरतीच चालते. वळण आलं, धुकं पडलं, बांबूचं बेट आडवं आलं की ती संपली. मोबाईल आहे, पण पोंभुर्ण्याहून कुठल्याही बाजूला जंगलात शिरा, त्याच्या सिग्नलच्या दांड्या एकेक करून गळायला लागतात. जिथे माणसाला बोलायची खरी गरज पडते, नेमका तिथेच तो फोन खिशात टाकून हात हलवत उभा असतो.

म्हणून वनखात्याची काडी मला महत्त्वाची वाटते. ती बसवणाऱ्या कारागिराबरोबर मी कैकदा उन्हात उभा राहिलो आहे. त्याचं काम बघायला बसलं की पहिला अर्धा तास काडी दिसतच नाही. ती गोणपाटात गुंडाळून बाजूला ठेवलेली असते. तो आधी टपाचा मध्य काढतो. सुतळीनं दोन कर्ण धरतो आणि छेदावर खडूची फुली मारतो. गाडीचा ड्रायव्हर कळवळून म्हणतो, टपाला भोक नको, पाणी गळेल, कडेला क्लँपवर लाव की. तो ऐकत नाही. ड्रिल लावतो, भोक पाडतो, कानशीनं त्याच्या कडा मोडतो, मग टपाच्या आतून हात घालून भोकाभोवतीचा रंग रुपयाएवढा खरवडून काढतो. उघडा पत्रा चकाकायला लागेपर्यंत खरवडतो. एकदा मी विचारलं, एवढं कशाला? तो म्हणाला, “रंग खरवडा लागते न जी, नाई त अर्थिंग भेटत नाई. काडी त सारेच पायतेत.”

त्यानं एका वाक्यात सांगितलं ते मला पुस्तकातून कळायला बरेच महिने लागले होते. वर दिसते ती अर्धीच अँटेना. उरलेला अर्धा भाग म्हणजे तिच्या बुडाखालचा पत्रा. काडीत जितका प्रवाह चढतो, तितकाच पत्र्यातून चहूकडे पसरावा लागतो. पत्रा नसेल तर काडीला उभं राहायला जमीनच नाही. मध्यम लहरींच्या आकाशवाणी केंद्राचा उंच मनोरा आपण लांबून बघतो, पण त्याच्या पायथ्याशी जमिनीत तांब्याच्या तारांचं जाळं चक्राकार पुरलेलं असतं, ते कुणाला दिसत नाही. अमेरिकेतल्या काही नव्या ट्रकांच्या केबिन काचतंतूच्या झाल्या, खाली धातूच उरला नाही, आणि तिथल्या ड्रायव्हरांची अँटेना जुळता जुळेनाशी झाली ती यामुळेच. मग आरशाच्या ब्रॅकेटपासून चासीपर्यंत तांब्याच्या पट्ट्या ओढा, दाराच्या बिजागऱ्यांना जोड द्या, अशी खटपट सुरू होते. आपली बोलेरो त्या मानानं भाग्यवान, टप पत्र्याचा आहे. पण काडी मधोमध असेल तर आवाज चारी दिशांना सारखा जातो; कोपऱ्यात लावली तर पत्रा जिकडे जास्त, तिकडे झुकतो. कंडक्टर साइडच्या कोपऱ्यावर काडी लावलेली गाडी नदीकडे तोंड करून बोलते आणि पाठीमागचं नाकं म्हणतं, आवाज तुटतोय.

मग काडी. ती मुद्दाम गरजेपेक्षा लांब ठेवलेली असते. गाडी झाडाखालून, शेडखालून, विजेच्या तारांपासून दूर, मोकळ्यावर आणायची. दारं आणि बॉनेट बंद. माणसं चार पावलं लांब, कारण माणसाचं शरीरही खारं पाणीच, जवळ असलं तर मीटरचा काटा हलतो. सेट आणि अँटेनाच्या मध्ये एक लहानसं मीटर जोडतात. सेटनं वर पाठवलेल्या शक्तीतली किती हवेत गेली आणि किती परत आली, हे त्यातून कळतं. काटा 1 वर असला तर सगळी गेली. 1.5 ला शंभरातली चार परततात, ते चालतं. 3 ला पाव हिस्सा परततो, आणि तो परतून सेटवरच येतो. सेट तापतो, आवाज चिरका होतो, आणि मग साहेब म्हणतात, जास्त वॉटचा सेट मागवा. वॉट वाढवून काय होणार? परत येणारंही वाढणार!

काटा बघायचीही रीत आहे. आधी खालच्या चॅनलवर बघायचं, मग वरच्या. वर जाताना काटा चढत असेल तर काडी अजून लांब आहे. खाली येताना चढत असेल तर आखूड झाली. लांब असली तर कापायची. 150 मेगाहर्ट्झला एक मिलिमीटर कापला की जुळणी 0.3 मेगाहर्ट्झनं सरकते, म्हणून तो कटर न वापरता कानस वापरतो. दोनदा घासतो, बटण दाबतो, “चेक, चेक” म्हणतो, काटा बघतो, पुन्हा घासतो. आखूड झालेल्या काडीला इलाज नसतो, नवी घ्यायची. या कामातल्या सगळ्या सावधपणाचं मूळ एवढंच आहे.

इतकं करून आवाज जातो किती? वैनगंगेकाठचा हा भाग बराचसा सपाट. 2 मीटर उंचीच्या टपावरून लहरीचं क्षितिज जेमतेम 6 किलोमीटरवर येतं. समोरचा मनोरा 20 मीटरचा असेल तर त्याचे 18 मिळवा, झाले 24. हा कागदावरचा हिशेब. सागाला तो मान्य नसतो. उन्हाळ्यात साग उघडाबोडका असतो तेव्हा आवाज स्वच्छ जातो. जुलैत सुपाएवढी ओली पानं दाटली की तोच सेट, तीच काडी, आणि खरखर. लहर जितकी लांब, तितकी ती पानांना कमी जुमानते, म्हणून सीबीची 11 मीटरची लहर या झाडोऱ्यातून उलट बरी गेली असती. पण तिची नऊ फुटी काडी बांबूच्या वाटेवर दोन दिवस टिकली नसती. शिवाय ती लहर फार गप्पिष्ट. सूर्यावरचे डाग वाढले की आभाळातून उलटून हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या अनोळखी माणसाचे आवाज आणून टाकते. वाघ कुठल्या नाल्यात बसलाय हे सांगताना मध्येच परक्या मुलखातला कुणी बोलू लागला तर कसं व्हायचं?

आणि वाघाचं बोलणं इथे रोजचं आहे. मार्च-एप्रिलमध्ये बायामाणसं अंधारातच मोहफुलं वेचायला निघतात. मे महिन्यात तेंदूची पानं तोडायला अख्खं गाव जंगलात असतं. 15 फेब्रुवारी ते 15 जून आगीचा हंगाम, तो याच दिवसांवर येऊन बसतो. अशा वेळी फोन एकाच माणसाला लागतो, तोही लागला तर. वायरलेसवर गार्ड एकदा बोलला की राऊंड साहेब, नाक्यावरचा वनमजूर, संरक्षण कुटीतला माणूस आणि रस्त्यातली गाडी, सगळे एकदम ऐकतात. कुणाला सांगायचं हे ठरवण्यात वेळ जात नाही. उपग्रहावरून आगीचा एसएमएस येतो, चांगलंच आहे; पण त्यानंतर कुठल्या बीटात कोण जवळ आहे आणि पाणी, झोडपे घेऊन कोण निघालं, हे या काडीवरच ठरतं. नवे सेट, नवे वॉट, नवी ॲपं यांच्या मागण्या दरवर्षी होतात. पावसाळा सरला की प्रत्येक गाडीला एकदा मीटर लावावं, अशी मागणी मात्र मी कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही. त्याला खर्च येत नाही, कदाचित म्हणूनच.

तेव्हा तुमच्या गाडीवर कधी काडी बसवायची वेळ आली, मग ती हॅमची असो की खात्याची, तर भोकाला घाबरू नका. चुंबकाचा बेस सोपा असतो, पण बांबूची फांदी त्याला अलगद उचलून फेकते. टपाच्या मधोमध भोक पाडा, आतून रंग नीट खरवडा, वरून रबर बसवा, आणि दिवाळीच्या आसपास एकदा मीटर लावून बघा. पाणी गळत नाही.