कारखान्याची सही

पेट्रोल भरायचं असलं की आजोबांना सीटवरून उतरावं लागे. टाकीचं तोंडच चालकाच्या गादीखाली. धोतराचा सोगा सावरत ते उतरत, गादी उचलत आणि पंपावरच्या पोराला म्हणत, “घोड्याला पाणी दाखव बाबा.”

दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्कराची जादा वाहनं लिलावात निघाली. त्यांतली ही १९४४ची फोर्ड जीप आजोबांनी पाटणला आणली. स्टीअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवीकडची मानाची जागा आम्हा नातवंडांना मिळे.

एका पावसाळी रात्री ती कुंभार्ली घाटात बंद पडली. माझ्या वडिलांनी, दादांनी, बॉनेट उघडलं, पुढच्या दिव्याचा नट हातानेच सैल केला आणि दिवा बिजागरीवर उलटा फिरवला. रस्त्यावरचा उजेड इंजिनावर आला. कार्बोरेटर साफ करता करता त्यांनी एका बोल्टचं डोकं पुसून मला दाखवलं. त्यावर ‘एफ’ उठवलेला होता. “ही कारखान्याची सही.” मी दुसरीत होते, शाळेत इंग्रजी पाचवीपासून. मला ‘ए’च्या आधी ‘एफ’ आला.

पुढे कळलं, फोर्डने ही जीप बांधली ती विलिज कंपनीच्या आराखड्यावर. युद्धकाळात दोघांनी मिळून अशा ६ लाखांहून अधिक जीपा बनवल्या, एकीचा भाग दुसरीला बसेल अशा. तरी फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टांवरही, आपलं अक्षर ठेवलं.

निवृत्तीनंतर मी जीप दुरुस्तीला काढली. ४० वर्षं चिंचेखाली उभी राहून तिच्या तळाचा पत्रा गळून गेला होता. ६ व्होल्टचं वायरिंग नव्याने झालं, ऑलिव्ह रंग चढला, ‘एफ’चे बोल्ट एकेक शोधून बसवले. राहिला मागचा आकडा. मूळचा तुटल्यावर कडब्याची ट्रॉली ओढायला गावच्या लोहारकाकांनी तो घडवला होता.

“मूळचा मिळतो, बदला,” जुन्या गाड्यांचे दर्दी म्हणाले. पण लढाईत ही जीप फार तर दीड-दोन वर्षं राबली असेल. आमच्या रानात ती तीस वर्षं राबली. त्या आकड्यावर अक्षर नाही. लोहारकाका कागदावर अंगठाच उठवत. त्यांच्या हातोडीचे ठोके मात्र लोखंडावर अजून बोटांना लागतात.

तिथे मी रंगाचा हात पातळच ठेवला.