चिंचोके संपले, आता काय?

मुलांनो, राजा-प्रधान-चोर-शिपाई हा चिठ्ठ्यांचा खेळ तुम्ही खेळता ना? करी रोडच्या आमच्या चाळीत मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गॅलरीत बसून तो तासन्‌तास खेळायचो. चार चिठ्ठ्या, चार जण. राजाला १०००, प्रधानाला ८००, शिपायाला ५०० आणि चोराला भोपळा! तुमच्याकडे आकडे वेगळे असतील, पण खेळ तोच.

आता सांगा पाहू, या खेळात सगळ्यांत जास्त मजा कोणाला येते? राजाला? छे! "माझा प्रधान कोण?" असं एकदा ओरडलं की राजाचं काम संपलं. मजा येते ती चोराला. तो छताकडे बघतो, उगाच खोकतो, शिपायापेक्षाही साळसूद चेहरा करतो. हा अभिनय त्याला कोणी शिकवला? एका नियमाने. प्रधानाने चोर चुकीचा ओळखला, तर प्रधानाचे ८०० चोराला मिळतात, हा तो नियम. तो काढून टाका आणि नुसत्या चिठ्ठ्या उचलून गुण लिहा. पाचव्या मिनिटाला सगळे जांभया द्यायला लागतील. चिठ्ठीवर 'चोर' लिहिलंय म्हणून कोणी चोर होत नाही, बरं का. काही मिळवायचं-गमवायचं असेल आणि ते थोडं तरी आपल्या हातात असेल, तरच आपण त्या भूमिकेत शिरतो.

सापशिडीत असं होत नाही. फासा पडेल तेवढी घरं पुढे जायचं, सापाने गिळलं की खाली यायचं. ठरवायचं काहीच नाही. सापशिडीचा पूर्वज म्हणजे आपला जुना मोक्षपट. त्यात घरांवर सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावं असत, त्यामुळे आपण कशामुळे घसरलो एवढं तरी कळायचं. पण तिथेही हुकूम फाशाचाच.

याच्या उलट, ज्यात नियमच नाहीत असा खेळ म्हणजे आपलं चोर-पोलीस. "ठो! मेलास तू!" "हॅ! गोळी बाजूने गेली!" मग खेळ राहतो बाजूला आणि भांडण रंगतं. कोणी मरायलाच तयार नाही, म्हटल्यावर वाचण्यात तरी काय गंमत?

यावर अमेरिकेत एक मोठी मजेदार युक्ती निघाली. तिथे काही मंडळी टेबलावर चिमुकले सैनिक मांडून लढाईचे खेळ खेळत. एकेक खेळाडू सबंध पलटण हलवायचा. पलटणीतला एखादा सैनिक पडला, तर त्याचं कोणाला काय वाटणार? १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ बाजारात आणला. त्यात एका खेळाडूला पलटण नाही, एकच माणूस! त्याची ताकद, चपळाई, शहाणपण हे सगळं आकड्यांत कागदावर लिहायचं. एक जण गोष्ट सांगतो आणि मध्येच विचारतो, "समोर बंद दार आहे. आतून गुरगुर ऐकू येतेय. तू काय करतोस?" काय करायचं ते खेळाडू ठरवतो आणि ते जमलं की फसलं हे फासा सांगतो. माणूस मरूसुद्धा शकतो. एकच माणूस, तोही आपण जपलेला. मग जीव अडकणारच!

गेल्या पावसाळ्यात, बाहेर खेळायला जाता येईना, तेव्हा माझ्या चौथीच्या वर्गात आम्ही असाच एक खेळ मांडला. खेळाचं नाव 'गिरणगाव'. आज करी रोड स्टेशनच्या पुलावरून उंच उंच टॉवर दिसतात. पण एके काळी हा सगळा भाग गिरण्यांच्या भोंग्यावर उठायचा. कोकणातून आणि घाटावरून आलेले कितीतरी कामगार इथे एकटे राहत आणि खानावळवाल्या बायकांकडे महिन्याच्या पैशांवर जेवत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते याच कष्टकरी बायकांसाठी.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. हजेरीचं "उपस्थित"सुद्धा तिच्या ओठांतच राहतं. चिठ्ठ्या उचलल्या, तेव्हा तिला खानावळवाली मावशी मिळाली. नियम तीनच. बोलायचं ते "मी" म्हणून, "ती मावशी" म्हणायचं नाही. मावशीकडे १२ चिंचोके, ते तिचे तांदूळ. जेवायला ६ कामगार, प्रत्येकाला दिवसाला एक चिंचोका. पगार झाला की कामगार चिंचोके परत आणून देणार.

मग मी गोष्ट पुढे नेली. "तारीख १८ जानेवारी १९८२. आजपासून मुंबईच्या गिरण्यांत संप. जवळजवळ अडीच लाख कामगार घरी. पगार बंद." आणि तिला विचारलं, "मावशी, तू काय करतेस?"

तिने चिंचोके मोजले. दोन दिवसांचा हिशोब तिला लगेच कळला. मुलं ओरडायला लागली, "याला देऊ नको, याचे आधीचे बाकी आहेत!" ती कितीतरी वेळ गप्प होती. मग स्पष्ट म्हणाली, "मी एका चिंचोक्यात दोघांना जेवायला घालीन."

असं चालतं का? नियमांत त्याविषयी काहीच नव्हतं, म्हणून मी वर्गालाच विचारलं. खूप वाद झाला. शेवटी मुलांनीच ठरवलं, चालेल. पण जो अर्धपोटी राहील, त्याने पुढच्या फेरीत काम शोधायचा फासा टाकायचा नाही. अंगात जोर कुठे आहे त्याच्या? तिने मान डोलावली आणि ६ जणांपुढे ३ चिंचोके मांडले. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, "बाई, पण मावशी स्वतः कधी जेवणार?" मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली, "मी मागून उरलेलं खाते."

वर्ग एकदम शांत झाला. घरोघरी ऐकलेलं वाक्य होतं ते!

विचार करा हं, तिच्याकडे हवे तेवढे चिंचोके असते तर? "सगळ्यांना पोटभर देते" असं ती चटकन म्हणाली असती आणि विसरलीही असती. फुकटच्या दयाळूपणाला काय लागतं? चिंचोके १२च होते, म्हणून तिला मावशी व्हावं लागलं. खऱ्या मावशांचे तर डबे रिकामे झाले होते. तो संप लांबतच गेला, हजारो कामगारांची नोकरी कायमची गेली, कितीतरी जण गावी परतले. पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. आमच्या वर्गात त्यावर पुढे आठवडाभर बोलणं चालू होतं आणि त्यात त्या मुलीचाही आवाज होता.

पालकहो, तुमच्याशीही एक शब्द. मुलांबरोबर खेळताना त्यांना मुद्दाम जिंकू देऊ नका. घरातल्या धाकट्याला आपण लिंबूटिंबू करतो, ते ठीकच. पण लिंबूटिंबू कधी आऊट होत नाही, म्हणून तो कधी पुरता खेळातही नसतो. चारपाच वर्षांचा झाला की तोच रडून सांगतो, "मला खरं खरं घ्या!" तेव्हा घ्यावं त्याला खरं खरं.

आणि मुलांनो, येत्या रविवारी तुम्हीच एक खेळ तयार करा. आपल्या गल्लीतलं एक माणूस निवडा. भाजीवाली, पोस्टमन, डबेवाला, कोणीही. त्याच्याजवळची अशी एक गोष्ट ठरवा, जी कमी पडते. पैसे, वेळ, पाणी, काहीही. चिंचोके मोजून घ्या, फासा आणा आणि "मी" म्हणून बोला. चिंचोके संपत आले की गोष्ट सांगणाऱ्याने एवढंच विचारायचं, "आता काय करशील?"