यादीत नसलेलं विष

सिॲटलच्या पश्चिम भागात लाँगफेलो नावाचा ओढा आहे. गोल्फच्या मैदानातून, घरांच्या मागून वाट काढत तो शेवटी भूमिगत नळात शिरतो आणि ड्युवॉमिश नदीला मिळतो. १९९० च्या दशकात शहराने अशा ओढ्यांची डागडुजी हाती घेतली. काठांवर झाडं लावली, अडथळे काढले, आणि कोहो जातीचे सॅमन मासे अंडी घालायला समुद्रातून पुन्हा वर येऊ लागले. पण शरदातला जोराचा पाऊस झाला की हेच मासे पृष्ठभागावर येऊन तोंड वासायचे, तोल जाऊन गोल गोल फिरायचे आणि काही तासांत मरायचे. पोटात अंडी तशीच. २००२ ते २००९ या काळातल्या पाहण्यांत परतलेल्या कोहोंपैकी ६० ते १०० टक्के मासे दरवर्षी असे मेलेले आढळले.

याच परिसरात मी पावसाळी पाण्याच्या प्रदूषणावर काम करते. रस्त्याकडेच्या जाळीतून खाली गेलेलं पाणी शुद्धीकरण केंद्रात जात असणार, असं इथल्या बऱ्याच लोकांना वाटतं. शहराच्या जुन्या भागांत ते मैलापाण्याबरोबर एकाच वाहिनीतून तिकडे जातंही. मात्र जिथे पावसाची वाहिनी वेगळी आहे, तिथे ती थेट ओढ्यात, तलावात किंवा प्युजेट साउंडच्या खाडीत उघडते. ब्रेकचं तांबं, पत्र्यांचं जस्त, गाड्यांचं तेल, कुत्र्यांची घाण हे सगळं पहिल्या सरीबरोबर जसंच्या तसं तिथे पोहोचतं.

अमेरिकेतला स्वच्छ पाण्याचा कायदा १९७२ चा. १९८७ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन पावसाळी वाहिन्या परवान्याच्या कक्षेत आल्या, १९९० मध्ये मोठ्या शहरांसाठी नियम निघाले आणि वॉशिंग्टन राज्याने असे परवाने १९९५ मध्ये दिले. कारखान्याला एक नळ असतो, त्याच्या तोंडाशी मर्यादा घालता येते. शहराची वाहिनी शेकडो तोंडांनी उघडते आणि प्रत्येक पावसात वेगळं पाणी आणते. म्हणून हा परवाना मुख्यतः कामं नेमून देतो. वाहिन्यांचे नकाशे करा. चेंबर तपासून गाळ काढा. मैलापाण्याची चोरटी जोडणी शोधा. गॅरेज आणि गोदामांच्या अंगणात जाऊन पाहा. आणि नवं बांधकाम ठरावीक आकाराच्या वर गेलं तर तिथल्या पाण्यावर तिथेच प्रक्रिया करायला लावा. राज्याच्या मार्गदर्शिकेनुसार प्रक्रियेची सोय वर्षभरात वाहणाऱ्या पाण्याच्या ९१ टक्क्यांना पुरेल अशी बांधावी लागते. ‘नुसती कागदपत्रं’ अशी या परवान्यावर टीका होते. ती मला पटत नाही, आणि त्याचं कारण कोहोच आहे.

मासे कशाने मरतात, हे शोधायला सुरुवात झाली तेव्हा आमच्या यादीत धातू होते, तेलातली हायड्रोकार्बन होती, कीटकनाशकं होती. रस्त्याच्या पाण्यात असतात तेवढ्या प्रमाणात धातू आणि हायड्रोकार्बन मिसळून त्यात कोहो सोडले, तर ते जगले. खरं रस्त्याचं पाणी दिलं की मरत. चम या जवळच्या जातीच्या सॅमनला त्याच पाण्यात काही होत नसे. शेवटी संशोधक टायरपर्यंत आले. टायरचा चुरा भिजवलेल्या पाण्यातली दोन हजारांहून जास्त रसायनं टप्प्याटप्प्याने वेगळी करत झेन्यू तियान, एडवर्ड कोलोजे, जेनिफर मॅकिन्टायर आणि त्यांचे सहकारी एका रेणूवर पोहोचले. डिसेंबर २०२० मध्ये त्यांचा लेख ‘सायन्स’मध्ये आला. ओझोनमुळे रबराला भेगा पडू नयेत म्हणून जगातल्या जवळजवळ प्रत्येक टायरात सिक्स-पीपीडी नावाचं रसायन मिसळतात. ओझोनशी संयोग झाला की त्याचं सिक्स-पीपीडी-क्विनोन होतं. पुढच्या मोजणीत दिसलं की लिटरभर पाण्यात याचे सुमारे ९५ नॅनोग्रॅम कोहोची निम्मी पिल्लं मारायला पुरतात. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हा रेणू कोणत्याही परवान्यात, कोणत्याही प्रयोगशाळेच्या तक्त्यात नव्हता. ईपीए या केंद्रीय पर्यावरण संस्थेने त्याच्यासाठी लिटरला ११ नॅनोग्रॅम हा पडताळणीचा आकडा दिला तो २०२४ मध्ये.

पण या शोधाच्या चार-पाच वर्षं आधीच याच भागातल्या संशोधकांनी महामार्गाचं पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरांतून गाळून माशांना दिलं होतं. न गाळलेल्या पाण्यातले कोहो काही तासांत मेले, गाळलेल्या पाण्यातले जगले. विषाचं नाव कुणालाही माहीत नव्हतं, तरी मातीने ते अडवलं होतं. मी परवान्यातल्या ‘कामां’ची बाजू घेते ती यासाठी. आकड्यांची यादी माहीत असलेल्या विषांपुरतीच असते. पाणी ओढ्याला मिळण्याआधी मातीतून जायलाच हवं, असा नियम मात्र माहीत नसलेल्या विषांनाही बऱ्याच अंशी लागू पडतो.

माती म्हणजे कोणतीही माती नव्हे, यावर आमच्यात खूप चर्चा होते. ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट हे रूढ मिश्रण सुरुवातीला स्वतःच फॉस्फरस आणि थोडं तांबं सोडतं. तलावाजवळ ते चालत नाही. म्हणून राज्याने नवं मिश्रण मान्य केलं: ७० टक्के वाळू, २० टक्के नारळाचा काथ्या, १० टक्के बायोचार म्हणजे एक प्रकारचा कोळसा. कोकणात घरामागे पडून असणारा काथ्या इथे गोणींतून विकत येतो. पाणी जागच्या जागी मातीत जिरवण्याचं उदाहरणही इथे आहे: २००१ मध्ये शहराने सेकंड ॲव्हेन्यू नॉर्थवेस्ट या गल्लीत रस्ता अरुंद आणि वळणाचा करून कडेला झाडांचे उथळ चर खणले. विद्यापीठाच्या मोजणीत तिथून वाहून जाणारं पाणी सुमारे ९९ टक्क्यांनी घटलं.

मुंबई-पुण्यात हे जसंच्या तसं बसणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, जवळपास सिॲटलच्या वर्षभराएवढा. पण आठ महिन्यांची धूळ, तेल आणि टायरचा भुगा घेऊन नाल्यात उतरणारी जूनची पहिली सर अडवता येण्यासारखी असते. आपल्या १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचा रोख सांडपाण्यावर आणि कारखान्यांवर आहे. रस्त्यावरून वाहणाऱ्या पावसासाठी महापालिकेला सिॲटलसारखा वेगळा परवाना घ्यावा लागत नाही. टायर मात्र तिथेही हेच आहेत.

इथे आमचा खरा झगडा जुन्या रस्त्यांशी आहे. नियमाचा जोर नव्या बांधकामावर आणि पुनर्बांधणीवर, तर शहरातले बहुतेक रस्ते त्याआधीचे. मालमत्तेवरच्या पक्क्या, पाणी न जिरवणाऱ्या जागेच्या हिशेबाने शहर शुल्क घेतं, त्यातून थोडं थोडं काम होतं. पाच वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण येतं तेव्हा जुन्या रस्त्यांवर किती आणि कुठे खर्च करायला लावायचं यावर वाद होतो. मी दर वेळी एकच मागणी लेखी देते: आधी सर्वाधिक वाहतुकीचे आणि कोहोच्या ओढ्यात थेट उतरणारे रस्ते घ्या, मग बाकीचे.