न फुंकता वाजणारी पुंगी

अंगानं लहानखुरी. तीन सप्तकांच्या पट्ट्या, सुराचा पोत बदलायला समोर ओळीनं खटके, आवाज कमीजास्त करायला गुडघ्यानं ढकलायचा दांडा. पोटात जुन्या रेडिओतल्यासारखे व्हॉल्व्ह आणि स्पीकर वेगळ्या खोक्यात. कॉन्स्टन्ट मार्टिन या फ्रेंच माणसानं १९४७ साली घडवलेली ही क्लाव्हायोलिन.

एका वेळी एकच स्वर, एवढीच तिची ऐपत. पियानोवाल्यांना ते तोकडं वाटलं असेल. आपल्याकडं मात्र स्वरामागून स्वर हीच गाण्याची रीत. शिवाय आवाज नाकातला, थरथरता, आणि दम कधी न लागणारा. पुंगीवाला गारुडी सूर तुटू नये म्हणून गाल फुगवून नाकानं हवा ओढत राहतो. हिला विजेचा पुरवठा असला की झालं.

तिचा हा गुण हेरला कल्याणजी वीरजी शहा यांनी. घर कच्छी, वाढले गिरगावात. १९५४च्या ‘नागिन’ या चित्रपटाचं संगीत हेमंतकुमारांचं, त्यातली बीन उभी केली कल्याणजींच्या क्लाव्हायोलिननं आणि संगीतकार रवींच्या हार्मोनियमनं. खऱ्या पुंगीची फुंकर तिच्यात नव्हतीच. त्याच वर्षी जर्मनीत कोलोनच्या रेडिओ केंद्रात संगीतकार स्टॉकहाउजेन निव्वळ विजेच्या स्वरांतून आपली रचना बांधत होते. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासात त्यांना मानाचं पान आहे, आणि ते रास्तच आहे. पण कल्याणजींना त्या पंगतीत साधा पाटही नसावा, हे मला पटत नाही. ज्या ‘टेलस्टार’ या धुनीनं या वाद्याचा आवाज जगभर नेला, ती १९६२ची, बीटल्सनी ते हाती घेतलं १९६७ साली. त्याआधीच कल्याणजींनी विजेचा सूर टुरिंग टॉकीजच्या तंबूत मांडी घालून बसलेल्या माणसापर्यंत पोचवला होता. पुढं कल्याणजी-आनंदजी या संगीतकार जोडीचं इतकं नाव झालं की वादक कल्याणजी मागंच पडले.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर गारुडी हळूहळू दिसेनासे झाले. खरी पुंगी आता मराठवाड्यातल्या कित्येक पोरांनी पाहिलेलीही नाही. तिची नक्कल मात्र ठणठणीत आहे. लातूरला गंजगोलाईच्या अंगानं वरात निघू दे नाहीतर नांदेडला वजिराबादेतून, बँडच्या गाडीवरचा पोरगा कॅसिओवर ‘नागीण’ धरतोच. लगेच नवरदेवाचा एखादा दोस्त रुमालाचं टोक दातांत धरतो, दुसरं टोक दोन्ही हातांनी ताणून पुंगी करतो आणि दुसरा गडी, नवे कपडे घातलेत हे विसरून, त्याच्यापुढं डांबरावर लोळण घेतो. करवल्या हसून बेजार होतात, घोड्यावरचा नवरदेव खोळंबतो, आणि मामा घड्याळ दाखवत कितीही ओरडले तरी कॅसिओवाला ती धून अर्ध्यावर सोडत नाही.