डोलवीच्या वाटेवर शंभरामागचा रुपया

पेणहून मुंबई-गोवा महामार्गाने निघाल्यावर वडखळच्या लगत डोलवी लागते. प्रवाशाच्या नजरेत भरतो तो पोलादाचा अवाढव्य कारखाना आणि धरमतरच्या खाडीतून कच्चा माल आणणारे बार्ज. पण हा मुलूख मुळात खारेपाटाचा. खाडीचे पाणी थोपवणारे मातीचे बांध आणि त्यांच्या आडोशाला भाताची खाचरे. उन्हाळ्यात वडखळ-अलिबाग रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात कांद्याला प्रवेश नाही. वखारीत मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या आहे.

त्या माळेवर बाजार शुल्क नाही, कारण ग्राहक ती घरच्यापुरती थेट शेतकऱ्याकडून घेतो. तोच शेतकरी भाताची पोती परवानाधारक व्यापाऱ्याला विकतो, तेव्हा हिशेब बदलतो. १९६३ च्या राज्य कायद्यानुसार शंभर रुपयांच्या मालामागे पाऊण ते एक रुपया शुल्क खरेदीदाराने भरायचे. वर पाच पैसे देखरेख खर्चाचे. ते शेतकऱ्याच्या पट्टीतून कापायचे नसते. शिवाय बाजार क्षेत्र म्हणजे केवळ समितीचे आवार नव्हे, आजूबाजूची गावेही त्यात येतात.

आपल्या व्यापाऱ्यांचे जुने दुखणे ते हेच. मुंबईची बाजार समिती १९७७ साली स्थापन झाली आणि १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार वाशीला गेला. तेथे गाळे, रस्ते, वजनकाटे या रूपाने शुल्क डोळ्यांना दिसते. खारेपाटातल्या पेढीवर पावती तेवढी दिसते.

हे गाऱ्हाणे निराधार नाही. पंजाबातील केवल कृष्ण पुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ सालीच सांगितले की हे शुल्क म्हणजे कर नव्हे. त्याचा मोठा भाग भरणाऱ्याला मिळणाऱ्या सेवेवरच खर्च झाला पाहिजे. तेथील दोनाचे तीन रुपये करणारी वाढ न्यायालयाने रद्द केली. २०२० मध्ये केंद्राने आवाराबाहेरचा व्यापार शुल्कमुक्त केला, तेव्हा आवारातल्या व्यापाऱ्यांनी विचारले, मग आम्हीच का भरावे? तो कायदा २०२१ मध्ये मागे घेतला गेला, प्रश्न राहिला.

तरीही शुल्क मोडीत काढा, असे म्हणण्यास माझे मन धजत नाही. याच पैशातून समित्या १९८४ साली स्थापन झालेल्या राज्य पणन मंडळाला अंशदान देतात, आणि मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. सुगीत भाव पडले की शेतकरी भात गोदामात ठेवतो, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी उचलतो आणि भाव आल्यावर विकतो. दिवाळीच्या तोंडावर एकाच वेळी सारा माल अंगावर न येणे, हे आपल्याही सोयीचेच नाही का? समितीच्या दारी जाऊन विचारायचे ते एवढेच, की डोलवीच्या भातासाठी असे गोदाम कोठे आहे आणि गेल्या हंगामात त्यात किती पोती उतरली.