काट्याची साक्ष

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. पहिला, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "अजून विकली नाहीत?" पहिल्याचे उत्तर द्यायचे तर टाकीत पेट्रोल किती आहे हे ठाऊक असावे लागते, आणि जुन्या गाडीत नेमके तेच ठाऊक नसते. दुसऱ्या प्रश्नाला मी नुसता हसतो. ज्याने तो विचारला त्याला उत्तर कळण्यासारखे नसते.

आमची गाडी पद्मिनी. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. १९६४ साली फियाट डिलाइट म्हणून आलेल्या या घराण्याला १९७४ साली पद्मिनी हे नाव मिळाले. पण आमच्या घरात ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून तिची शेवटची टॅक्सी निघून गेली, तेव्हा भल्याभल्यांना गहिवर आला. आमची मात्र अजून मंडईत जाते, पाहुण्यांना स्टेशनवरून आणते आणि चढावर जरा कण्हते. आता या वयात एखादा काटा हलू लागला तर त्यात कारखान्याचा काय दोष? वडीलधाऱ्या माणसांचीही मान हलते.

पण हा काटा पेट्रोलचा होता, आणि त्याच्या हलण्याने आमच्या घरातला एक मुलगा चोर ठरू पाहत होता.

झाले असे. हिच्या बहिणीचा मुलगा मिरजेहून कॉलेजसाठी आमच्याकडे राहायला आला. मुलगा अबोल, पण कामसू. सकाळी अण्णा, म्हणजे माझे वडील, गाडी घेऊन भाजी आणि औषधे आणीत. संध्याकाळी आईला मालिशवाल्या बाईंकडे न्यायचे काम या मुलाकडे आले. अण्णांनी जन्मभर ट्रेझरीत हिशेब तपासलेले. गाडीतही त्यांची एक वही असे. सकाळी परतल्यावर काट्याची नोंद, आणि रात्री मुलगा गाडी घेऊन फाटकाशी आला की पुन्हा नोंद.

आठवड्याभरात वहीने बोलायला सुरुवात केली. सकाळी अर्धी टाकी, रात्री पाव. मालिशवाल्या बाईंचे घर जेमतेम तीन किलोमीटरवर! अण्णा उघड काही बोलले नाहीत. हिशेबाची माणसे आधी पुरावा गोळा करतात. गंमत म्हणजे सकाळी काटा पुन्हा वर आलेला असे. तुम्हा आम्हाला वाटेल, इथे तरी शंका फिटायला हवी होती. पण संशयाला कुठलाही पुरावा पचतो. अण्णा मला हळूच म्हणाले, "रात्री मन खात असेल. स्वतःच्या पैशाने परत ओतत असेल पोरगा."

मुलाच्या कानावर हे गेलेच. त्याने एका शब्दाने खुलासा केला नाही; फक्त दुसऱ्या दिवसापासून आईला रिक्षाने न्यायला लागला आणि भाडे स्वतःच्या खिशातून देऊ लागला. हीसुद्धा काही बोलली नाही. तिच्या माहेरचा मुलगा, बोलणार काय? त्याच्या डब्यात एक पोळी जास्त जाऊ लागली, एवढेच. घरात भांडण झाले तर ते मिटवता येते. असा चुपचाप घास गिळणारा माणूस ताटावर बसला की मात्र सगळ्यांचेच जेवण जड होते.

मी ठरवले, माणसाची झडती घेण्याआधी काट्याची घ्यावी. रविवारी मुलालाच हाक मारली. "चल, जरा मदत कर." तो आला, पण हात मागे बांधून उभा राहिला.

पेट्रोलच्या काट्याची रचना समजायला सोपी आहे. टाकीत एक तरंगता डबा असतो, त्याला फ्लोट म्हणतात. पेट्रोलच्या पातळीबरोबर तो वरखाली होतो, आणि त्याच्या दांड्याचे टोक बारीक तारेच्या गुंडाळीवर सरकते. त्यातून विजेला होणारा अडथळा कमीजास्त होतो आणि त्याप्रमाणे समोरचा काटा फिरतो. या विजेला परतीची वाट मात्र गाडीच्या पत्र्यातूनच मिळते. तिलाच गॅरेजवाले 'अर्थ' म्हणतात. तेव्हा काटा बोलतो खरा, पण फ्लोट, तार, स्क्रू आणि पत्रा या सर्वांच्या वतीने बोलतो.

आधी काटा तपासला. टाकीवरची तार सोडवली, काटा रिकाम्यावर गेला. तीच तार क्षणभर पत्र्याला टेकवली, काटा झटकन भरल्यावर आला. म्हणजे काटा शाबूत, तारही शाबूत. तार पुन्हा जोडली आणि मी मुलाला म्हटले, "गाडीत बस. एक एक दिवा लाव, आणि काट्याकडे बघ."

त्याने दिवे लावले. आतून आवाज आला, "काका, काटा खाली आला."

"ब्रेक दाब."

"आणखी खाली गेला!"

"आता सगळे बंद कर."

"परत अर्ध्यावर!" त्याचा इतका मोठा आवाज आमच्या घराने प्रथमच ऐकला.

डिकीतला गालिचा उचलून पाहिले. पूर्वी कधीतरी कुणीतरी मागच्या दिव्यांची आणि टाकीची अर्थची तार एकाच स्क्रूखाली बांधून ठेवली होती, आणि तो स्क्रू गंजून तांबडा झाला होता. ब्रेकचे २१ वॅटचे दोन दिवे लागले की १२ व्होल्टच्या गाडीत साडेतीन अँपिअरचा प्रवाह त्या एका गंजक्या वाटेने परतायला धडपडतो. काट्याला लागणारी वीज त्यापुढे किरकोळ. दाराशी झुंबड उडाली की बारक्या माणसाला आत शिरता येत नाही, तसे तिचे होई. आणि काटा खाली बसे. अण्णा सकाळी नोंद करीत ती दिवे बंद असताना, आणि रात्रीची फाटकाशी, दिवे लागलेले असताना. पेट्रोल जागच्या जागीच होते.

पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासला, दोन्ही तारांना नवी टोके बसवून वेगवेगळ्या स्क्रूंवर घेतले, वर जरा व्हॅसलीन लावले. दिव्यांचा खेळ थांबला. तरीही अर्ध्या टाकीच्या आसपास काटा थरथरत होता. मग पेट्रोल कमी झाल्यावर एके दिवशी, गाडी उघड्यावर उभी करून आणि बॅटरीची तार सोडून, मिस्त्रीकडून फ्लोट बाहेर काढवला. मीटर लावून दांडा हळूहळू फिरवला, तर गुंडाळीच्या मध्यावर आकडा उडी मारी. वर्षानुवर्षे तिथेच घासून तार झिजली होती. मध्यमवर्गीयाची टाकी अर्ध्याच्या वर फारशी जात नाही ना! मिस्त्रीने तार पुसली, दांड्याचे टोक किंचित वाकवून न झिजलेल्या जागी आणले, नवे पॅकिंग घालून बसवले. पेट्रोल कुठे झिरपत नाही हे पाहिल्यावरच बॅटरी जोडली.

मग त्या दोघांनी, म्हणजे अण्णांनी आणि मुलाने, एक उद्योग केला. पंपावर एका वेळी पाच पाच लिटर पेट्रोल घालायचे, गाडी सपाट जागी उभी करायची आणि काटा कुठे येतो ते लिहायचे. अण्णांना हिशेब हवाच होता, आणि मुलाला अण्णांशी बोलायला निमित्त. पंपावरचा माणूस वैतागला, पण तक्ता तयार झाला. मुलाच्या सुरेख अक्षरातला तो तक्ता अजून डॅशबोर्डवर चिकटवलेला आहे.

अण्णांनी मुलाची माफी मागितली नाही. त्यांच्या पिढीला ते शिकवलेलेच नव्हते. त्यांनी पेन्शनमधून रिक्षाभाड्याचे पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले, आणि वर वही ठेवली. "यापुढे तूच लिहीत जा," म्हणाले. "आणि दिवे बंद करून लिही."